खोटे पकडणारे यंत्र, खरी कबुली आणि सरकारी नोकरी

अमेरिकेत पोलिस शिपाई, सीमा खात्यातील अधिकारी किंवा गुप्तचर खात्यातील साधा कारकून व्हायचे असले तरी लेखी परीक्षा, धावणे आणि डॉक्टरी तपासणी एवढ्यावर काम भागत नाही. केंद्र सरकारच्या अनेक खात्यांत आणि बऱ्याच शहरांच्या पोलिस दलांत उमेदवाराला एका बंद खोलीत खुर्चीवर बसवतात. छातीभोवती व पोटाभोवती रबरी नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घाम मोजण्याच्या पट्ट्या आणि समोर तपासनीस. मग प्रश्न सुरू होतात. मालकाची चोरी केली आहे का? अमली पदार्थ घेतले आहेत का? अर्जात काही दडवले आहे का? या यंत्राला पॉलिग्राफ म्हणतात. लोकांच्या तोंडी त्याचे नाव लाय डिटेक्टर.

समजा, या खुर्चीत पंचवीस वर्षांचा एक तरुण बसला आहे. सतराव्या वर्षी तो एका दुकानात कामाला होता आणि चार-सहा वेळा त्याने गल्ल्यातून पैसे काढले होते. मालकाला कळले नाही, तक्रार झाली नाही, आजवर कोणालाही ठाऊक नाही. सांगितले तर स्वतःच्या तोंडाने स्वतःला चोर ठरवायचे, आणि तेही पोलिस खात्यासमोर. न सांगितले तर यंत्राचा काटा हलेल ही भीती. दरवर्षी हजारो उमेदवार या पेचातून जातात आणि त्यांतले पुष्कळजण अर्धवट सांगून मोकळे होतात. सर्वांत जास्त नुकसान याच अर्धवट सांगण्याने होते. कसे, ते पुढे पाहू.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. कारण या यंत्राचा सर्वांत मोठा बाजार एके काळी पोलिसांकडे नव्हता, दुकानदारांकडे होता. शिवाय नोकर ठेवताना त्याचे पूर्वायुष्य किती विचारावे आणि नोकरी मागताना ते किती सांगावे, हा प्रश्न भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यालाही आहे आणि मुंबईच्या सराफालाही.

यंत्र काय करते?

प्रथम एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. पॉलिग्राफला खोटे कळत नाही. त्याला श्वास, घाम आणि रक्तदाब कळतो. खोटे बोलताना माणूस घाबरतो आणि घाबरला की शरीर बदलते, या गृहीतावर सगळा डोलारा उभा आहे. खरे बोलणारा माणूसही नोकरीच्या काळजीने घाबरू शकतो आणि सराईत खोटारडा थंडपणे बसू शकतो, याला यंत्राकडे उत्तर नाही.

हार्वर्डमध्ये शिकलेल्या विल्यम मार्स्टन यांनी १९१५ च्या सुमारास रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचा प्रयोग केला. (हेच गृहस्थ पुढे ‘वंडर वुमन’ या चित्रकथेचे जनक झाले. त्या नायिकेच्या हाती एक दोरी असते, ती ज्याला बांधली त्याला खरे बोलावेच लागते!) १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली शहराच्या पोलिस खात्यात जॉन लार्सन यांनी श्वास आणि रक्तदाब एकत्र नोंदणारे यंत्र तयार केले. १९२३ मध्ये फ्राय खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्स्टन यांची चाचणी पुरावा म्हणून नाकारली. न्यायालयात दार बंद झाले, पण नोकरभरतीत उघडेच राहिले.

चाचणीची पद्धत मोठी चलाख आहे. मुद्द्याच्या प्रश्नांमध्ये काही मोघम प्रश्न पेरलेले असतात. ‘तुझ्यावर विश्वास ठेवणाऱ्याशी तू कधी खोटे बोललास का?’ अशा थाटाचे. याला सहसा कोणी छातीठोकपणे ‘नाही’ म्हणू शकत नाही. तरीही उमेदवाराने ‘नाही’ म्हणावे आणि मनातून चरकावे अशीच तपासनिसाची अपेक्षा असते. मोघम प्रश्नावर जास्त चरकला आणि मुद्द्याच्या प्रश्नावर कमी, तर पास. उलटे झाले तर नापास. यातली गंमत अशी की जो मनाने स्वच्छ आहे आणि लहानसहान गोष्टीही आधीच सांगून टाकतो, त्याला मोघम प्रश्नाची धास्ती राहत नाही आणि तुलनेत मुद्द्याचा प्रश्नच जड दिसू लागतो. फार प्रामाणिक माणूस या पद्धतीत मार खाऊ शकतो, हा टीकाकारांचा आक्षेप जुना आहे. केंद्रीय खात्यांच्या काही चाचण्यांत म्हणूनच वेगळी रीत आहे. त्यात उमेदवाराला ठरावीक प्रश्नावर मुद्दाम खोटे बोलायला सांगतात आणि त्याच्याशी तुलना करतात.

बिरबलाच्या काठ्या

आपल्याकडे बिरबलाची एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. घरात चोरी झाली तेव्हा त्याने सगळ्या नोकरांना सारख्या लांबीच्या काठ्या दिल्या आणि सांगितले की चोराची काठी रात्रीतून बोटभर वाढेल. चोराने घाबरून आपली काठी बोटभर कापली आणि सकाळी सापडला. काठीत काही नव्हते, काठीवरच्या विश्वासात होते.

पॉलिग्राफचे खरे काम याच जातीचे आहे. सगळी चाचणी काही तासांची असते, पण यंत्र लावलेला वेळ त्यात थोडा. बराच वेळ जातो तो आधीच्या मुलाखतीत. तपासनीस गोड बोलतो, यंत्र किती अचूक आहे ते समजावतो, कधी एक छोटे प्रात्यक्षिकही करतो. उमेदवाराने मनात एक आकडा धरायचा आणि प्रत्येक आकड्याला ‘नाही’ म्हणायचे, मग यंत्राने तो आकडा ‘पकडला’ असे दाखवायचे. त्यानंतर सहज विचारल्यासारखे विचारायचे, ‘सुरू करण्याआधी काही सांगायचे आहे का? आता सांगितले तर बरे.’ आलेख काढून झाले की दुसरा फेरा. ‘या एका प्रश्नावर तुम्हाला त्रास होतो आहे. काय आठवते आहे?’ माणूस आठवू लागतो आणि बोलू लागतो.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये या विषयावर मोठा अहवाल दिला. यंत्रावरच्या विश्वासामुळे लोक कबुली देतात आणि काही लोक अर्जच करत नाहीत, हा उपयोग त्या अहवालाने मान्य केला. पण यंत्राच्या अचूकपणाबद्दल त्यांनी जो हिशेब मांडला तो प्रत्येक मालकाने वाचावा असा आहे. समजा १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत. चाचणी इतकी कडक ठेवली की १० पैकी ८ हेर सापडावेत, तर त्यांच्याबरोबर सुमारे १,६०० निरपराध माणसेही नापास होतील. म्हणजे एका हेरामागे २०० सज्जन. निरपराधांना वाचवण्यासाठी चाचणी सैल केली तर नापास होणारे निरपराध ४० च्या आत येतात, पण मग १० पैकी ८ हेर पास होऊन कामाला लागतात. हा हिशेब करताना यंत्राला त्यांनी बऱ्यापैकी चांगले गुण दिले होते, हे विशेष! नोकरीपूर्व चाचणीबद्दल तर अहवालाने आणखी एक शंका काढली : कोणे एके काळी गांजा ओढला, यावरून हा माणूस उद्या देशाची गुपिते विकील हे कसे ठरवणार?

सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८५ पासून रशियनांना गुपिते विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन चाचण्या त्याने पार केल्या आणि १९९४ मध्ये तो पकडला गेला तो यंत्रामुळे नव्हे. रशियनांनी त्याला दिलेला सल्ला साधा होता : रात्री नीट झोप, ताण घेऊ नकोस, तपासनिसाशी गोडीने वाग. लष्करी गुप्तचर खात्यातील ॲना मॉन्टेस हिने १९९४ मध्ये चाचणी पार केली आणि २००१ मध्ये अटक होईपर्यंत ती क्यूबासाठी काम करत राहिली.

काटा नव्हे, कबुली

आता मूळ पेचाकडे येऊ. अमेरिकी केंद्र सरकारचे गोपनीय कामाच्या परवान्याविषयीचे जे निकष २०१७ पासून लागू आहेत त्यांत स्पष्ट लिहिले आहे की केवळ यंत्राच्या निकालावरून, दुसरी काही ठोस माहिती नसताना, कोणाविरुद्ध निर्णय घेता येणार नाही. वाचायला हे दिलासा देणारे आहे. पण त्याचा दुसरा अर्थ नीट पाहावा. ठोस माहिती आणायची कुठून? उमेदवाराच्याच तोंडून! म्हणूनच तपासनिसाचा सगळा जोर आलेखापेक्षा कबुलीवर असतो. नव्याने भरती होणाऱ्याला तर हे संरक्षणही फारसे उपयोगी पडत नाही. खाते त्याला नोकरी देण्यास बांधलेले नसते आणि चाचणीत अडकलेला उमेदवार बहुधा तिथेच मागे पडतो.

मग सांगूच नये काय? तसेही नाही. त्याच निकषांत तेरा मुद्दे आहेत आणि प्रत्येक मुद्द्याखाली दोष सौम्य करणाऱ्या गोष्टी दिल्या आहेत. किती वर्षे झाली, त्या वेळी वय काय होते, पुन्हा घडले का, पुढचे वर्तन कसे आहे, असा संपूर्ण माणूस तोलायचा असतो. माहिती दडवली असेल, पण कोणी पुरावा समोर टाकण्याआधी स्वतःहून दुरुस्त केली, तर तीही बाजू धरली जाते. याउलट जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा वेगळा दोष आहे आणि केंद्र सरकारच्या कामात खोटे निवेदन केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एफबीआयचे उदाहरण घ्या. गांजा घेतल्यावर किती काळ अर्ज करता येत नाही, ही मुदत २०२१ मध्ये तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली गेली. म्हणजे जुना गांजा आज माफ होऊ शकतो. पण अमली पदार्थांच्या इतिहासाबद्दल जाणूनबुजून खोटे सांगितले, तर ते खोटेच उमेदवाराला बाद करते. मूळ चूक माफ आणि त्यावरचे पांघरूण महाग, असा हा हिशेब आहे.

अर्धवट सांगण्याचे नुकसान इथे कळते. अर्जात लिहिले ‘कधी नाही’, यंत्राआधीच्या मुलाखतीत सांगितले ‘एकदा’, यंत्रानंतर दबाव आला तेव्हा ‘पाच-सहा वेळा’. आता चोरी किती रुपयांची किंवा किती डॉलरची हा प्रश्न उरतच नाही. तीन ठिकाणी तीन उत्तरे, एवढेच कागदावर राहते. शिवाय हा कागद तिथेच संपत नाही. पोलिस भरतीच्या माहितीपत्रकात ‘याआधी कोणकोणत्या खात्यांत अर्ज केला होता’ असा रकाना सर्रास असतो आणि त्या खात्यांकडे चौकशी होते. आमच्या मते, सांगायचे असेल तर अर्जातच सांगावे. तारीख, वय, रक्कम एकदाच आणि नेमकी लिहावी, आणि यंत्राच्या खोलीत तेच बोलावे.

पण एक धोका उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. समोर बसलेला तपासनीस हा वकील नव्हे, डॉक्टर नव्हे आणि गुपित राखण्यास बांधलेला पाद्रीही नव्हे. तो खात्याचा माणूस आहे. गल्ल्यातले जुने पैसे एक वेळ सोडून दिले जातील, गंभीर गुन्ह्याची कबुली मात्र पोलिसांकडे जाऊ शकते. गंमत म्हणजे ती नेहमी जातेच असेही नाही. उपग्रहांचे काम पाहणाऱ्या नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिसमध्ये मुलांवरील अत्याचारासारख्या कबुल्या मिळूनही त्या पोलिसांना कळवल्या गेल्या नाहीत, अशी वृत्ते मॅकक्लॅची वृत्तसमूहाने २०१२ मध्ये छापली तेव्हा मोठी खळबळ उडाली. लहान चुकीसाठी उमेदवार बाद आणि मोठ्या गुन्ह्याची फाइल कपाटात, हा कसला न्याय, असे लोक विचारू लागले. ज्याच्या पूर्वायुष्यात खरोखर गुन्हा आहे त्याने त्या खोलीत जाण्याआधी वकिलाला गाठावे. चाचणीला नकार देऊन उठून जाण्याची मुभा उमेदवाराला असते. नोकरी मात्र मिळत नाही.

यंत्राला फसवण्याचे शिकवणी वर्ग हा तिसरा मार्ग काहींनी धरला. त्याचा शेवटही पाहण्यासारखा आहे. ओक्लाहोमा सिटी पोलिसांतील माजी पॉलिग्राफ तपासनीस डग विल्यम्स पैसे घेऊन हे शिकवत असत. सरकारने त्यांच्याकडे बनावट गिऱ्हाईक पाठवले. चाचणीत गुन्हे लपवायचे आहेत असे सांगूनही त्यांनी धडे दिले आणि २०१५ मध्ये त्यांना दोन वर्षांची कैद झाली.

खर्चाची बाजू

व्यापारी वाचकांसाठी एक आकडा. मेक्सिकोच्या सीमेवरील लाचखोरीला आळा घालण्यासाठी केलेल्या कायद्याने सीमा खात्याच्या सर्व अधिकारी-उमेदवारांना २०१३ पासून पॉलिग्राफ सक्तीचा झाला. एपी वृत्तसंस्थेने जानेवारी २०१७ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सुमारे दोन तृतीयांश उमेदवार त्यात नापास होत होते आणि जागा भरेनात. त्याच वर्षी खात्यावर देखरेख करणाऱ्या महानिरीक्षकांनी वेगळीच गोष्ट उघड केली. आधीच्या मुलाखतीतच गंभीर कबुली दिलेल्या २,३०० हून अधिक उमेदवारांना २०१३ ते २०१६ या आर्थिक वर्षांत तरीही यंत्राला जोडले गेले आणि त्यावर सुमारे ५१ लाख डॉलर गेले. माणशी दोन हजार डॉलरच्या वर! जो माणूस स्वतःच ‘मी केले’ म्हणतो आहे त्याचा घाम मोजण्याचे कारण काय, हे खात्यालाही नीट सांगता आले नसते.

दुकानदारांचा यंत्राशी काडीमोड

खासगी मालकांना मात्र अमेरिकेत हे यंत्र आज जवळजवळ बंद आहे. १९८० च्या दशकात तिथली मोठी दुकाने, बँका, गोदामवाले नोकर घेताना सर्रास पॉलिग्राफ लावत. ‘आधीच्या मालकाचे किती डॉलरचे सामान नेलेस?’ या प्रश्नाने सुरुवात होई आणि गाडी कुठल्या कुठे जाई. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९५९ मध्येच मालकांना मनाई केली होती. अखेर २७ जून १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कर्मचारी पॉलिग्राफ संरक्षण कायद्यावर सही केली आणि त्याच डिसेंबरपासून तो लागू झाला. खासगी मालकाने उमेदवाराला चाचणीची सक्ती तर सोडाच, नुसती सूचना करणेही बेकायदा ठरले. कायद्याची माहिती देणारा फलक कामाच्या जागी लावणे बंधनकारक झाले. नोकराला मालकावर तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो.

सूट मोजकी आहे. सरकार स्वतः मोकळे राहिले, केंद्र, राज्य आणि स्थानिक सगळे. (कायदा करणाऱ्याने स्वतःला वगळावे, हे काही एकाच देशात घडते असे नाही.) चिलखती गाड्यांतून रोकड नेणाऱ्या व पहारा देणाऱ्या कंपन्या आणि अमली पदार्थ हाताळणाऱ्या औषध कंपन्या यांनाही मर्यादित सूट मिळाली. दुकानात प्रत्यक्ष चोरी झाली असेल आणि एखाद्या नोकरावर वाजवी संशय असेल तर त्यापुरती चाचणी मागता येते, पण लेखी कारण देऊन. या सूट मिळालेल्या चाचण्यांतही धर्म, वंश, राजकीय मते, कामगार संघटना आणि खासगी लैंगिक वर्तन यांविषयी प्रश्न विचारता येत नाहीत. नोकर सचोटीचा आहे की नाही हे त्याच्या धर्मावरून ठरत नाही, एवढे तरी कायद्याने लिहून ठेवले.

यंत्र गेले तसा बाजारात दुसरा माल आला. कागदावरच्या सचोटी चाचण्या. ‘नोकराने थोडे सामान घरी नेले तर त्याला काढावे काय?’ अशा प्रश्नांवरून त्याचा कल ओळखायचा. या चाचण्यांना तो कायदा लागू होत नाही आणि त्यांत पूर्वीच्या चोरीची सरळ कबुली मागणारे प्रश्नही असतात.

आपल्याकडे

भारतात पॉलिग्राफचे नाव ऐकू येते ते गुन्ह्यांच्या तपासात. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संमतीशिवाय कोणाचीही पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही. संमती असली तरी त्या चाचणीचा निकाल स्वतः पुरावा होत नाही. नोकरभरतीसाठी अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मात्र पैसे घेऊन अशी चाचणी करून देणाऱ्या खासगी संस्था आहेत आणि चोरी झाली की एखादा मालक नोकरांना तिकडे नेऊ पाहतो. जिथे पोलिसांना सक्ती करता येत नाही तिथे दुकानदाराला कोठून येणार?

आपल्या तरुणांचा खरा सामना यंत्राशी नाही, फॉर्मशी आहे. पोलिस, रेल्वे, निमलष्करी दले, सगळीकडे साक्षांकन फॉर्ममध्ये विचारलेले असते : तुम्हाला कधी अटक झाली आहे का, खटला चालू आहे का? मोहल्ल्यातल्या एखाद्या मारामारीत किंवा मोर्चात नाव आलेला मुलगा घाबरून ‘नाही’ लिहितो. चारित्र्य पडताळणीत ते उघड होते आणि लागलेली नोकरी जाते. मूळ प्रकरणातून तो सुटलेला असला तरी खोट्या माहितीचे प्रकरण नवे उभे राहते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २१ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी या विषयावरचे उलटसुलट निकाल एकत्र आणून नियम घालून दिले. माहिती खरीच दिली पाहिजे, दडवता कामा नये. तरुणपणी घोषणा दिल्या किंवा किरकोळ गुन्हा झाला, आणि तो सांगितला असता तरी नोकरी गेली नसती, अशा ठिकाणी दडवल्याकडेही मालक आपल्या अधिकारात काणाडोळा करू शकतो. पण खरे सांगितले म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असेही नाही. उमेदवाराची पार्श्वभूमी तपासण्याचा हक्क मालकाला राहतोच.

त्याच निकालातला आणखी एक मुद्दा फॉर्म भरणाऱ्याने आणि फॉर्म छापणाऱ्यानेही लक्षात ठेवावा. फॉर्ममधला प्रश्न मोघम चालत नाही, नेमका हवा. जे विचारलेच नव्हते ते सांगितले नाही म्हणून माहिती दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. ती माहिती दुसऱ्या मार्गाने मालकाला कळली, तर उमेदवाराच्या योग्यतेपुरता तिचा विचार तो करू शकतो.